डाव्या हातानं लिहिलेला पेपर

अन् तरीही गुरुजी, मी आजही तेच म्हणीन, एखाद्याले नापास करणं सोपं असते. तुम्ही केलं, सायकलवर टांग टाकली अन् आपल्या गावाले निघून गेले. मांगं आमच्या घरात काय झालं ते मी पाह्यलं. हे बोलणं तेव्हाच पुरं व्हाले पाह्यजे होतं, पण मी सहावीत होती, तुमच्यापुढं तोंड उघडाची हिंमत नव्हती, अन् हिंमत आली तोवर तुम्ही राह्यले नव्हते. मी दहावीत असताना तुम्ही गेले. त्यालेही आता दहा वर्षं होत आली. मधात मी नागपूरले डिग्री केली, पुण्याले नोकरी केली, अन् मागच्या वर्षी सगळं सोडून तांड्यावर परत आली. लोकं म्हणतात परत आली म्हणजे तिथं काही जमलं नसन. जमलं होतं. पण ऑफिसात बसल्या बसल्या मले सारखं वाटे का आपण एवढं शिकलो, आपल्या तांड्यातल्या बाया अजून अंगठाच लावतात, आपण परत जाऊन काहीतरी केलं पाह्यजे. तुम्ही असते तं म्हटलं असतं, "काहीतरी म्हणजे काय ते आधी ठरव." ते ठरवाचंच राह्यलं.

तुमचा तो वर्ग मले अजून डोळ्यापुढं दिसते. मे महिना आहे, शाळेले सुट्ट्या आहेत, अन् तुम्ही रिटायर होऊन दोन वर्षं झाली तरी दुपारी आमच्या तांड्यावरच्या शाळेच्या वऱ्हांड्यात येऊन बसता. कोणतं सरकारी काम नाही, कोणी बोलावलंही नाही. सात-आठ बाया भिंतीले टेकून बसल्या आहेत, अन् त्यायच्यात मी एकटी पोट्टी. मले तिथं बसवाचं कारण म्हणजे ती लग्नाची पत्रिका. बापानं मोठ्या हौसेनं माह्या हातात देली अन् मले ती वाचता आली नाही. रोज व्हॅननं दिग्रसले इंग्लिश मीडियमले जाणारी पोरगी, अन् 'आमंत्रण' वाचाले अडली. बाप म्हणे, "एवढ्या दूर जाते, अन् येतानी मराठी तिथंच ठेवून येते का वं?" दुसऱ्या दिवशी तुम्ही मले माह्या आईजवळ, माह्या याडीजवळ बसवलं अन् दोघींत एक पाटी देली. घरी आम्ही आपली बंजारा बोली, गोरबोली बोलतो, शाळेत मी इंग्लिश शिको, म्हणजे लिहाची मराठी आम्हा दोघींले सारखीच नवी. "मायलेकी एकाच वर्गात," तुम्ही म्हणाले, "आता पाहू कोण पुढं जाते." याडी लाजून हासलती. ती तशी हासलेली मले फार थोड्या वेळा आठवते.

मग त्या शनिवारी तुम्ही दहा शब्द घेतले. याडीले चार आले. पाचव्या शब्दाले तिचा खडू थांबला, मानेवर घाम आला, अन् मी तिच्या मांडीवरची पाटी हळूच ओढून उरलेले सहा शब्द लिहून टाकले. तुम्ही पाटी हातात घेतली, एकदा अक्षर पाह्यलं, एकदा माह्याकडं पाह्यलं, अन् ओल्या फडक्यानं पुरी पाटी पुसली. तिचे ते चार शब्दही पुसले. "पोरी, तुले वाटते तू आईले देलं. तू तिचं घेतलं," असं तुम्ही मले म्हणाले. अन् याडीले म्हणाले, "नापास. आता पहिल्यापासून लिहा." सगळ्या बाया पाहून राह्यल्या होत्या. याडीनं पाटी घेतली अन् तशीच बसली. एक अक्षर लिहिलं नाही. घरी येऊन चुलीपुढं बसली, भाकरी थापाले लागली. मी जवळ जाऊन म्हटलं, "याडी, उद्या मी नाई लिहून देत, तूच लिव." तं ती तव्याकडं पाहतच म्हणे, "भाकर कव्हा उलटवा ते मले वाचता येते. तेवढं बस झालं." ती परत कधी वर्गात आली नाही. आठ दिवसांनी तुम्ही आमच्या घरी आले, तिनं डोक्यावर पदर घेऊन चहा देला, "वावरात काम लय हाय गुर्जी" म्हणाली, अन् तुम्हीही जास्त ताणलं नाही. जाताना तुमचा जुना शब्दकोश माह्या हातात ठेवला. "तू तं येजो," म्हणाले. मी येत राह्यली. आज हे पत्र मराठीत लिहून राह्यली ते त्यामुळंच. पण गुरुजी, तुम्ही खरे होते, अन् त्या खरेपणात माही याडी मांगं राहून गेली. हे मले तुम्हाले कधीतरी सांगाचं होतं. सांगून राह्यली तं अशा वेळेस, का मीच त्याच्याहून मोठी चूक करून बसली.

आमच्या तांड्यावरच्या शाळेकडं मोठ्या माणसायच्या साक्षरतेचं काम आलं. मुख्याध्यापक सरायले स्वयंसेवक पाह्यजे होते, मी आपणहून गेली. सर तसे भले माणूस आहेत. म्हणे, "बेटा, याच्यात काही भेटत नाई, फक्त डोकं दुखते." मी म्हटलं, "सर, मले तेच पाह्यजे." त्यायनं माह्याकडं असं पाह्यलं का हिले ऊन लागलं असन. मोबाईलच्या ॲपवर सतरा बायायची नावं भरली, मंदिराच्या सभामंडपात दुपारचा वर्ग सुरू केला, भिंतीले तक्ते लावले. मी इतकी जोशात होती का पहिल्या दिवशी भाषणच देलं. शिक्षणानं माणसाले मूल्यं येतात, माणूस खरं-खोटं ओळखाले शिकते, वगैरे. एक बाई म्हणे, "म्हणजे आमी आतापावतर खोट्याच होतो का वं?" सगळ्या हासल्या, मीही हासली. तेव्हाच थोडं थांबली असती तं बरं झालं असतं.

त्या सतरांत सगळ्यात पुढं बसे ती काकी. तुम्हाले आठवत असन, आमच्या मागच्या घरातली, तांड्यात भांडण झालं का जिले बोलावतात ती. तुमच्या वर्गात ती कधी आली नाही, तेव्हा तिची लेकरं लहान होती. आता ती ग्रामपंचायतीत मेंबर आहे. आमच्या वार्डातून बायायची सीट निघाली अन् तांड्यानं एकमतानं तिचं नाव देलं. पंचायत मोठ्या गावात, तिथं सगळे तिकडचे मेंबर, आमची ही एकटी. तिले सही येत नव्हती, म्हणून मिटिंगमधे ठराव लिहिला का सचिवाले तो तिच्यापुढं मोठ्यानं वाचा लागे, खाली 'वाचून दाखवले' असं लिहा लागे, मगच तिचा अंगठा. काकी काय करे, तो ठराव दोनदा वाचाले लावे. दुसऱ्या वेळेस सचिवानं एक शब्द जरी इकडचा तिकडं केला तं म्हणे, "थांबा साहेब, मंघाशी हे नोतं." एकदा ऐकलेलं तिच्या डोक्यात शिवून ठेवल्यासारखं राहे. सचिव तिले भेत होता गुरुजी, खरंच भेत होता. मी तिले विचारलं, "काकी, तुले काहून शिकाचं हाय?" तं म्हणे, "तो वाचते अन् मी ऐकते. एक दिवस मले वाचाचं हाय अन् त्यानं ऐकाचं हाय."

दिवाळीनंतर कापूस फुटला अन् वर्ग अर्धा झाला. दिवसभर वेचणी केलेल्या बाईच्या नखांच्या बाजूनं बोंडायच्या टोकायनं चिरा पडलेल्या असतात, ती पेन्सिल काय धरीन? तरी काकी जमन तेव्हा ये. नाव-आडनाव लिहाले शिकली, पंधराएक अक्षरं शिकली. पण काना-मात्रा लागली का अक्षर तिले ओळखू येत नव्हतं. "आताच तं हे साधं होतं, याच्या डोक्यावर आता काय बसवलं?" असं म्हणून माह्यावरच चिडे. मी म्हटलं होईन काकी, वर्षभर लागन. ती म्हणे, "लागू दे, मले कुठी जाचं हाय?"

वर्ष कुठून भेटते. मार्चात एका रविवारी परीक्षा आली. आदल्या दिवशी सर म्हणे, "बेटा, आपल्या शाळेचा निकाल पुरा लागला पाह्यजे. वरून फोनावर फोन येऊन राह्यले. याच्यात कोणाचं वाईट तं होत नाई." काकी नवं लुगडं नेसून आली. पेपरवर आपलं नाव लिहिलं, त्याले दहा मिनिटं लागली. दोन चित्रांच्या जोड्या लावल्या, मग पेन खाली ठेवला. "बस. मले एवढंच येते." मी म्हटलं, "बस ना काकी, वेळ हाय अजून." तं म्हणे, "बसून काय अक्षर येते का? बाकीचं पुढच्या साली देईन." अन् घरी गेली. सर माह्याकडं पाहून फोन कराले बाहेर गेले. मले कोणी जबरदस्ती केली नाही, हे तुम्हाले खरं सांगा लागन. मी तिचा पेपर ओढला अन् भरला. डाव्या हातानं भरला, म्हणजे अक्षर नव्यानं शिकलेल्या बाईसारखं वाकडं येईन. तसं पाह्यलं तं माहं मराठी अक्षर उजव्या हातानंही तेवढंच वाकडं आहे, पण त्या वेळेस मले आपल्या हुशारीचं लय कौतुक वाटलं. शेवटचा प्रश्न होता, तुम्हाला का शिकायचे आहे ते लिहा. मी लिहिलं, 'मला वाचता आले तर मला कोणी फसवणार नाही.' हे लिहिताना माह्या डोळ्यात पाणी आलं. खोटं मीच लिहून राह्यली होती अन् मलेच भरून येऊन राह्यलं होतं. मग एकीचा भरला तं दुसरीचाही भरला. आमच्यात एक बाई आहे, तिचा नवरा तीन वर्षांपूर्वी गेला, दोन पोरी घेऊन एकटी राहते. तिले निम्मं येत होतं, उरलेलं निम्मं मी लिहिलं. असे सहा पेपर. तुमची पाटी पुसलेली मले त्या वेळेस आठवली का म्हणान, तं आठवली. मले वाटलं, गुरुजी कडक होते म्हणून याडी सुटली. मी कोणाले सुटू देणार नाही.

निकाल पुरा लागला. मंडप टाकून सर्टिफिकेट वाटले, फोटो काढले. सरायनं माईकवर सगळ्यात चांगलं उत्तर म्हणून काकीचं, म्हणजे माहं, ते वाक्य वाचून दाखवलं अन् टाळ्या झाल्या. तांड्याच्या वाटेवर फलक लागला, संपूर्ण साक्षर तांडा. काकी खाली उतरून सरळ माह्याजवळ आली. "पोरी, मी तं नाव लिवून आलती. पास कशी झाली?" मी म्हटलं, "काकी, नावालेच जास्त मार्क असतात." तिनं जराक माह्याकडं पाह्यलं. "अन् ते फसवणार नाई, ते कव्हा लिवलं मी?" मी म्हटलं, "तू वर्गात बोललती ना तसं, ते मी लिहून घेतलं." "असन बाई," म्हणे, "तुमचं शिकेल लोकायचं गणित." तिनं माह्यावर भरोसा ठेवला. पुढच्या आठवड्यात मी सरायले म्हटलं, वर्ग चालू ठेवू, बायायले अजून लय शिकाचं आहे. सर म्हणे, "कोणासाठी बेटा? ॲपवर आता आपल्या तांड्यात निरक्षर कोणी उरलंच नाई." मी काकीले घरी ये म्हटलं. दोन-तीन दिवस आली. मग पेरणी लागली, मग निंदण लागलं, अन् मीही लोकायच्या रेशन-पेन्शनच्या अर्जांच्या मांगं लागली.

सर्टिफिकेट भेटल्यानंतरच्या पहिल्याच मिटिंगमधे काय झालं ते मले काकीनं नंतर सांगतलं. सचिवानं रजिस्टर तिच्यापुढं सरकवलं. ती म्हणाली, वाचून दाखवा. तं तो म्हणे, "काकी, आता तुमाले कायले वाचून दाखवा? तुमी तं साक्षर झाल्या. मी वाचून दाखवलं तं तुमचाच अपमान होईन." बाकीचे मेंबर हासले. एक जण म्हणे, "वाचा वाचा, आमी ऐकतो." गुरुजी, तिले जे पाह्यजे होतं तेच त्यायनं तिले मजाकीत देलं. काकी रजिस्टरकडं पाहत राह्यली. तिच्या पंधरा अक्षरांतली काही तिले दिसली म्हणे, पण सगळ्यांच्या डोक्यावर काहीतरी बसलेलं. दहा माणसांपुढं 'मले येत नाही' म्हणाची तिले शरम आली. जिले अंगठा लावताना कधी शरम आली नाही, तिले सही करताना आली. तिनं सही केली. त्या ठरावात तांड्यासाठी मंजूर झालेली पाण्याची टाकी जागा नाही म्हणून मोठ्या गावात हलवली होती.

खड्डे तिकडं खोदाले लागले तेव्हा तांड्यात समजलं. बायायनं पंचायतीत जाऊन भांडण केलं, तं सचिवानं सही दाखवली. तुमच्याच मेंबरची आहे म्हणे. तेव्हापासून हापशीवर पाण्याले काकी गेली का बाया बाजूले होतात. "सरका वं, साक्षर बाई आली." जिनं दोघी जावांचं भांडण अंगणात बसून मिटवलं, त्याच जावा आता तिले ऐकू जाईन असं बोलतात, का तिकडून काही भेटलं असन हिले. पंधरा-वीस वर्षं ह्या तांड्यात तिच्या शब्दावर लोकं उठले-बसले. कागद लागत नव्हता. आता कागद आला अन् शब्द गेला. मी तिच्या घरी गेली. ती तूर पाखडून राह्यली होती. सूप खाली न ठेवता म्हणे, "खरं सांग, माहा पेपर कोणं लिवला?" मी सांगतलं. वाटलं ती ओरडन, मारन तरी. ती पाखडत राह्यली. मग म्हणे, "मंग ग्रामसभेत सांग हे. माहं कोणी ऐकत नाई, तुहं ऐकतीन." मी म्हटलं, "सांगीन काकी." तिच्या हाताले हात लावून म्हटलं.

ग्रामसभा झाली. सभागृहात मोठ्या गावातली माणसं पुढं, तांड्यातल्या बाया मांगं. पुढच्या ओळीत मुख्याध्यापक सर. काकी उभी राह्यली. "मले वाचता येत नाई," ती म्हणाली, "सही केली हे खरं, पण त्याच्यात काय हाय ते मले कोणं सांगतलं नाई." सचिव गोड माणूस आहे, तो आवाज चढवत नाही. "काकी, असं कसं म्हणता? सर्टिफिकेट हाय तुमच्याजवळ. फोटो हाय. मला कोणी फसवणार नाही, हे तुमीच लिवलं. माईकवर सगळ्यायनं ऐकलं." काकी म्हणे, "द्या कोणताही कागद माह्या हातात. मले नाई येत, पाहा." तं तो म्हणे, "काकी, न वाचणं कोणालेही जमते." सगळे हासले. मले तिथं बसल्या बसल्या समजलं का एखाद्याले वाचता येते हे दाखवता येते, येत नाही हे कसं दाखवान? आमच्याच बायायमधून मांगून आवाज आला, "आता नाटक करून राह्यली." काकीनं मान वळवली अन् मले शोधलं. "पोरी, तू सांग." सगळं सभागृह माह्याकडं पाहाले लागलं. सर पाहून राह्यले होते, त्यायची दोन वर्षं राह्यली नोकरीची. अन् दाराजवळ ती नवरा गेलेली बाई चहाचा ट्रे घेऊन उभी होती. सर्टिफिकेटवर तिले शाळेत खिचडी शिजवाचं काम भेटलं आहे, साक्षर बाई पाह्यजे अशी अट होती. काकीचा पेपर खोटा म्हटलं तं सहाही निघतात. ती चहा वाटाचं सोडून माह्याकडं पाहून राह्यली होती. मी उभी राह्यली. "काकींना थोडंथोडं येतं," मी म्हटलं, "सरावाची गरज आहे." असं, पुस्तकातल्या मराठीत. खोटं बोलताना मले वऱ्हाडी आली नाही. काकी खाली बसली. पुढचा विषय रस्त्याच्या दिव्यांचा होता.

घरी मी जेवली नाही. याडी दोनदा हाक मारून गेली, तिसऱ्यांदा येऊन शेजारी बसली. तिले सभेतलं अन् काकीच्या पेपरचं सगळं माहीत होतं, तांड्यात काय लपते. म्हणे, "तुह्या गुर्जीनं मले सगळ्या बायांसमोर नापास केलं. तुनं काकीले सगळ्या गावासमोर पास केलं. आमाले काय येते ते आमाले विचाराचं कोणालेच सुचलं नाई." मी म्हटलं, "याडी, गुरुजी खोटं नोते बोलले." "मी कुठी म्हणते खोटं होते? चांगलेच होते. तुही चांगलीच हाय. चांगल्या माणसायचाच तं घोर असते." एवढं बोलून ताट उचलून घेऊन गेली. मी इतके दिवस तुमच्याशी भांडून राह्यली होती का तुमचा मार्ग बरोबर का माहा. याडीनं आपल्या दोघायले एकाच बाजूले बसवलं.

काल काकी आली. त्या सभेनंतर ती बोलत नव्हती माह्याशी. ओट्यावर बसली, पाणी मांगलं, पिली. मग म्हणे, "बोलून नाई झालं तुह्याच्यानं, तं लिवून दे. झेंड्याच्या दिवशी परत ग्रामसभा हाय. माहा पेपर तुनं लिवला, मी नाई लिवला, एवढंच लिव. खाली तुही सही कर. कोणं वाचाचा ते मी पाहते." मी म्हटलं, "काकी, तसं केलं तं त्या खिचडीवालीचं काम जाईन. सरायची नोकरी जाईन." तिले हे माहीत नव्हतं, म्हणजे माह्या हातचे बाकीचे पाच पेपर. ती म्हणे, "तिच्या दोन पोरी हायेत." मी म्हटलं, "हो." "अन् माहं?" असं तिनं विचारलं. मोठ्यानं नाही विचारलं गुरुजी. काका गेले, तिचं कुकू पुसलं गेलं, तेव्हाही ती अशी दिसली नव्हती. "माही टाकी गेली तं जाऊ दे. पण मी तांड्याले इकलं असं लोकं म्हणतात, ते घेऊन मी मराव का?" उठताना म्हणे, "इचार कर. दोन दिवस हायेत. तू म्हणशीन तं मी नाई मांगत. पण मंग तू मले तोंडावर सांग, का काकी तू राहू दे." अन् गेली. निर्णय तिनं माह्याच हातात देला. मले वाटते पहिल्यांदाच कोणीतरी मले खरी परीक्षा देली, अन् याच्यात कोणी शेजारी बसून लिहून देणारं नाही.

सरायले विचारलं असतं, तं मले माहीत आहे ते काय म्हणतीन. बेटा, लोकं विसरतात. पुण्यातल्या मैत्रिणीले फोनवर सांगतलं, तं ती म्हणे ऑफकोर्स खरं सांग, त्यात विचार कसला. तिले हापशीही माहीत नाही अन् ती खिचडीवालीही माहीत नाही. फक्त माहीच सही असलेला कागद देला, बाकीच्यायचं नाव घेतलं नाही, तरी सचिव ते उघडं करनच, त्याले तेवढंच पाह्यजे. मले शिक्षा झाली तं झाली, माहं काय, मी उद्या परत पुण्याले जाऊ शकते. तेच तं आहे. ह्या सगळ्यात एकटी मीच अशी आहे जिले निघून जाता येते.

हे पत्र पाठवाचं नाही, अन् पाठवाले पत्ताही नाही. एक गोष्ट कबूल करते अन् थांबते. मी आज दुपारी काकीचा तो कागद लिहाले बसलती. दोन ओळीचंच काम होतं. त्याच्याऐवजी तुम्हाले एवढं मोठं लिहीत बसली, अन् तो कागद अजून कोराच आहे. दोन दिवसांतला एक गेला. काकीले न्याय देते म्हणून त्या दोन पोरींच्या आईच्या हातचं काम काढून घेऊ, का तिच्यासाठी काकीच्या घरी जाऊन तोंडावर म्हणू, का काकी तू राहू दे? तुम्हाले काय वाटते गुरुजी?